निवराचं झाड कुणी लावलं

आत्या,

तुझ्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी हॉस्टेलच्या गच्चीत कपडे वाळत घालत होते. मी नेहमीसारखं म्हटलं, "बोल आत्या." पलीकडे नेहमीसारखाच पाण्याचा आवाज होता. मग शेजारचे सीताराम काका बोलले. त्यांचे शब्द मला नीट आठवत नाहीत. पाण्याचा आवाज मात्र आठवतो. आपल्या पाड्यात रेंज फक्त डोहावरच्या निवराखाली येते. म्हणून तू गेल्याचं सांगायलासुद्धा काकांना काठच्या त्याच दगडावर उभं राहावं लागलं, जिथे उभी राहून तू मला रोज संध्याकाळी विचारायचीस, "जेवलीस का? काय व्हतं?"

मी काहीही सांगितलं तरी तुझं पुढचं वाक्य ठरलेलं असायचं. "त्यात काय जीव हाय."

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, तुझ्या आत्याबद्दल कॉलेजच्या अंकात लिही, लिहिलं की थोडं मोकळं वाटतं. मला मोकळं वाटत नाहीये. तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे हे तुला उद्देशून लिहिण्यातही काहीतरी चुकतंय. तू असतीस तर मी दगडावर तुझ्या शेजारी बसून वाचून दाखवलं असतं, आणि तू अर्ध्यातच म्हणाली असतीस, "लय लांबवतीस गं मंदे." तरी लिहिते. संध्याकाळी बोलायची सवय आहे आणि ती वेळ रोज येते.

ज्यांनी तो डोह पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी झाडाबद्दल लिहायला हवं. पेठच्या रस्त्याला सावळघाट उतरला की पाणी दिशा बदलतं. नाशिकचं पाणी गोदावरीबरोबर उगवतीला जातं, आपलं मावळतीला, समुद्राकडे. आपल्या पाड्याखाली ओहळ वळतो तिथे डोह आहे आणि डोहावर वाकलेलं निवराचं जुनं झाड. अर्धी मुळं काठात, अर्धी पाण्यात. बुंध्याशी शेंदूर लावलेले सात दगड, म्हणजे आसरा, पाण्यातल्या सात बहिणी. त्यांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, दहीभात असं सगळं वाहायचं. मी लहान असताना तू मला त्यांची गोष्ट सांगायचीस. सातजणी पाण्याबरोबर समुद्राला निघाल्या होत्या. इथवर आल्या आणि धाकटी म्हणाली, माझे पाय दुखतात. ती बसली. बाकीच्या सहाजणी तिच्यासाठी थांबल्या, त्या अजून थांबल्यात. त्यांना सावली नव्हती, म्हणून पाण्यानेच कुठून तरी एक फळ आणून काठाला लावलं. त्याचं हे झाड झालं.

"मग धाकटीचे पाय अजून दुखतात?" मी विचारायचे.

"तुझ्यासारखीच व्हती. चालायचं म्हटलं की दुखायचे."

चैत्र-वैशाखात झाडाला फुलांचे लाल दोर लोंबायचे. ती फुलं रात्री उमलतात आणि उजाडताना गळून जातात. सकाळी डोहाचं पाणी दिसायचंच नाही, नुसता लाल रंग. तू त्यातले दोर उचलून सात दगडांवर वेण्यांसारखे मांडायचीस आणि उरलेला एक माझ्या केसात खोचायचीस. शाळेत जाईपर्यंत त्याची सगळी फुलं झडून नुसता दोरा राहिलेला असायचा. मुली हसायच्या. मी तुला हे कधी सांगितलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी तू खोचला नसतास.

आणि पावसात फळं. चार धारांची, बोटाच्या पेराएवढी. नाशिकला भद्रकालीत काष्ठौषधीच्या दुकानात मी ती बरणीत पाहिली. वर चिठ्ठी होती, समुद्रफळ. मला एकदम कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं झालं. लहान मुलाच्या छातीत कफ झाला की ते फळ पाण्यात उगाळून छातीवर लेप लावायचा. त्यासाठी लोक कुठून कुठून तुझ्याकडे यायचे. सालीचाही उपयोग होता. साल कुटून पाण्यात टाकली की मासे गुंगून वर येतात. पण आपल्या डोहात तू ते कधी करू दिलं नाहीस. एकदा पाड्यातली पोरं साल काढायला आली तर तू काठी घेऊन धावलीस. "तुमच्या अंगाची साल काढून बघू का, मासा गुंगतो का?" पोरं आजही ते वाक्य एकमेकांना ऐकवतात.

तुझे तीन नियम होते. एक, फळ झाडावरून तोडायचं नाही, पाण्यात पडलेलं घ्यायचं. दुसरा, फळ नेणाऱ्याने रिकाम्या हाती जायचं नाही. मूठभर नागली, म्हणजे नाचणी, पाण्याला द्यायची. तेही नसेल तर डोहाचा पाला काढायचा, दगड धुवायचे, काहीतरी काम करायचं. आणि तिसरा नियम मला फार उशिरा कळला. मागायला आलेल्याचं नाव विचारायचं नाही. नाव नाही, गाव नाही, कुणाची कोण तेही नाही. मी एकदा एका बाईला विचारलं, "तुम्ही कुठल्या?" तर तू तिच्यासमोरच मला दटावलंस. ती गेल्यावर म्हणालीस, "नाव इचारलं की माणूस मागणारा व्हतो आन आपण देणारे. झाड कुणाचं हाय? आपलं हाय का?"

मी नाशिकला बी.एस्सी.ला आले त्याच्या पहिल्या वर्षी मॅडमना निवराचं पान दाखवलं. त्या म्हणाल्या, कांदळवनातली झाडं असतात ना, समुद्राच्या खाडीत पाय रोवून उभी राहणारी, तिवर वगैरे, तसंच हे. गोड्या पाण्यातलं कांदळवन म्हणतात याला. मी त्याच संध्याकाळी तुला फोनवर सांगितलं. मला वाटलं तू खूश होशील.

"समुद्र बघितलास का तू?"

"नाही."

"तुझ्या मॅडमनी?"

"बघितला असेल."

"मग इचार त्यांना, तिकडं त्या झाडांत आसरा हायेत का."

मला विचारायची लाज वाटत होती. आमच्या वर्गात कुणी घरातलं असं काही बोलत नाही. तरी विचारलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की दक्षिणेत चिदंबरमचं जे मोठं शंकराचं देऊळ आहे, तिथलं पवित्र झाड कांदळवनातलंच आहे. त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायचा, तरी लोक त्याला नमस्कार करतात. एकेकाळी त्या झाडांचं रानच होतं म्हणे तिथे. हे मी तुला त्याच संध्याकाळी सांगितलं. नुसतं पाणी ऐकू येत होतं. मग म्हणालीस, "बघ. म्हंजी आपलं झाड एकटं नाय."

त्या वर्षी हॉस्टेलमध्ये मला कुणाशी धड बोलता येत नव्हतं. माझं "नाय" ऐकून मुली एकमेकींकडे बघायच्या. मी "नाही" म्हणायला शिकले, पण मग काही बोलावंसंच वाटेना. तू झाडाबद्दल बोललीस, पण मी ते माझ्यासाठी घेतलं. अजून घेते.

आता भांडणाबद्दल. ते राहून गेलं म्हणून हे सगळं लिहितेय, असं मला वाटतं.

ओहळावरच्या बुटक्या फरशी-पुलाच्या जागी उंच पूल होणार असं गेल्या उन्हाळ्यात ठरलं. मोजणीची माणसं आली आणि जाताना निवराच्या बुंध्यावर लाल रंगाने आकडा टाकून गेली. म्हणजे झाड जाणार. मला वाटलं होतं तू बुंध्याला मिठी मारून उभी राहशील. मी सुट्टीत आले ती तयारी करूनच, ग्रामसभेत काय बोलायचं ते मनात पाठ करून. आणि तू मला घराच्या पायरीवरच अडवलंस.

"काय बोलणार तू तिथं?"

"झाड तोडू नका म्हणून. पूल थोडा वर घ्या म्हणून."

"वर खडक हाय. पूल इथंच व्हणार आन व्हायलाच पाहिजे."

"आत्या, तू बोलतेस हे?"

"मीच बोलते. सीतारामची सून बाळंतपणात अडली व्हती तव्हा झोळीत घालून नेली फरशीवरून, पाणी कमरेला. माझा हात व्हता झोळीला. तव्हा निवरानं पूल नाय केला मला."

मला राग आला. मी म्हटलं, मग निदान दुसरं लावू. फळ रुजवू, रोप करू, खालच्या वळणावर लावू. तू मान हलवलीस. "आसरांचं झाड हातानं लावत नसतात. ते पाण्यानं लावायचं असतं."

"पाण्याने नाही लावलं तर?"

"तर नाय."

"मग संपेल ना ते!"

"संपू दे. हातानं लावलेलं झाड लावणाऱ्याचं असतं, मंदे. आज तू लावशील. उद्या तुझा भाऊ म्हणंल, आमच्या मंदानं लावलं. परवा त्याला कुंपण पडंल. मग रात्री लेकरू घिऊन जी बाई येती तिला आधी कुंपणाशी उभं राहून नाव सांगावं लागंल."

  मी ग्रामसभेत गेलेच नाही. पण मला ते पटलंही नाही. पुढे फोनवर आपण जेवणाबद्दल बोलत राहिलो, पावसाबद्दल बोललो, बा आणि आई द्राक्षाच्या कामाला कुठल्या बागेत गेलेत ते बोललो. त्या भांडणाच्या कडेकडेने बोलत राहिलो.

आणि जे सांगायचं राहिलं ते हे. श्रावणात मला खोकला झाला तेव्हा तू चार फळं फडक्यात बांधून सीताराम काकांबरोबर पाठवलीस. तीन उगाळली. चौथं मी खिडकीत पाण्याच्या वाटीत ठेवलं. मुद्दाम रुजवायचं असं काही ठरवलं नव्हतं. नुसतं बघायला छान वाटायचं, रात्री खोलीतल्या सगळ्या झोपल्यावर. गणपती गेले आणि त्याला मोड आला. मी रंगाच्या रिकाम्या डब्यात माती घालून ते त्यात ठेवलं. दिवाळीत त्याला पानं होती, तांबूस, कोवळी. रोज संध्याकाळी तुझा फोन यायचा तेव्हा तो डबा माझ्यासमोर असायचा. मी तुला सांगितलं नाही. तू "हातानं लावलंस?" असं विचारलं असतंस आणि मला खोटं बोलता आलं नसतं. वाटलं, पुढच्या सुट्टीत समोर नेऊन ठेवीन, मग भांडू. समोरासमोर भांडण बरं असतं. तुझा चेहरा बघून कळायचं किती खरं आहे ते.

तुझ्या दहाव्याला मी तो डबा घेऊन निघाले. एसटीत बसायला जागा नव्हती, डबा पायांत धरून उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "काय ताई, झाडाचं हाफ तिकीट काढू का?" आजूबाजूचे हसले. मीही हसले आणि मग एकदम रडायला आलं. तो बिचारा घाबरून म्हणाला, "राहू द्या राहू द्या, फुकट येऊ द्या त्याला."

दहावं झालं, तेरावं झालं. बा आणि आईला मुकादमाचे फोन येत होते, बागेत छाटणीनंतरची कामं अडली होती. ती दोघं गेली. पाड्यातली निम्मी घरं तशीही बंद असतात या दिवसांत. मी म्हटलं, घर आवरते, कुलूप लावते आणि परवा कॉलेजला जाते. तुझ्या घरात आवरायला फारसं काही नव्हतं. चुलीवरच्या फडताळात फळांचा डबा होता. उघडला तर यंदाच्या पावसातली फळं, नीट वाळवलेली. मी झाकण लावलं. कुणासाठी वाळवलीस ते मला विचारायचं होतं.

सकाळी रोपाचा डबा घेऊन डोहावर गेले. पाणी उतरलं होतं, खालच्या वळणावर काळा गाळ उघडा पडला होता. निवर तसाच होता, बुंध्यावर लाल आकडा, पलीकडे खडीचा ढीग येऊन पडलेला. मी फोन काढला. तिथे गेल्यावर हात आपोआप फोनकडे जातो. रेंज चांगली होती. फोन करायला कुणी नव्हतं.

मी बराच वेळ निवराखालीच बसले. सोबत खुरपं आणलं होतं. ते उचलायचे आणि ठेवायचे. तुझं ते 'हातानं लावत नसतात' इतकं स्पष्ट ऐकू येत होतं की मला तुझा रागच आला. जाताना ते वाक्य तरी घेऊन जायचंस. लावलं तर तू हरणार, नाही लावलं तर झाड जाणार. आणि तू नसताना तुला हरवायचं, हे मला जमेना.

तेवढ्यात फरशीवरून एक बाई आली. कडेवर वर्षाचं मूल, त्याचा श्वास घरघरत होता, मला लांबूनच ऐकू आला. तिने विचारलं, "आत्या हायेत का घरी?"

मी सांगितलं. ती मूल घेऊन तिथेच खाली बसली. "मला कुणी बोललंच नाय," ती म्हणाली. मग पदराने स्वतःचे डोळे पुसले.

"दवाखान्यात नेलं का त्याला?" मी विचारलं.

"नेलं ना. औषध बी चालू हाय. पण आत्यांचं लावलं की झोपतं."

मी घरी गेले, डब्यातलं एक फळ आणि सहाण घेऊन परत डोहावर आले.  तू किती पाणी घ्यायचीस ते मी शंभरदा पाहिलं होतं, पण पाहणं वेगळं. लेप पातळ झाला. बाईने बघितलं आणि म्हणाली, "अजून चार फेरे घे. आत्या दाट करायच्या." मी अजून उगाळलं. मुलाच्या छातीवर लावलं. त्याने माझं बोट धरलं आणि सोडलं नाही.

"मी तर रिकाम्या हाती आले," बाई म्हणाली. "गडबडीत नागली घ्यायची राहिली. काय काम असलं तर सांग." आणि मग ती सांगायला लागली, "मी तिकडच्या..."

"नको," मी म्हटलं. "नाव नको सांगू."

ती माझ्याकडे बघून ओले डोळे घेऊन हसली. "आत्या बी अशाच व्हत्या. दोन सालांत चार डाव आले, एकदा बी इचारलं नाय. मला वाटायचं, गर्विष्ठ हाय बाई."

मग तिची नजर रंगाच्या डब्याकडे गेली. "हे निवराचं ना? लावायचं राहिलंय व्हय?"

मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही, हे मी शपथेवर सांगते. माझ्या मांडीवर तिचं मूल होतं आणि माझं बोट त्याच्या मुठीत होतं. ती उठली, साडी खोचली. आधी डोहाजवळ बघितलं आणि स्वतःशीच म्हणाली, "इथं नको, इथं खड्डे पडतील पुलाचे." डबा घेऊन खालच्या वळणावर गेली. खुरप्याला तिने हात लावला नाही. आवणीला भाताचं रोप लावतात तसं केलं, गाळात हाताने जागा केली, रोप बसवलं आणि अंगठ्याने दाबलं. एवढंच. ओंजळभर पाणी घातलं. हात धुतले. सात दगडांना नमस्कार केला आणि मूल घ्यायला आली.

"जगंल," ती म्हणाली. "पान चांगलं हाय त्याचं."

आत्या, तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मी तेव्हापासून शोधतेय. कदाचित म्हणाली असतीस, हात तो हातच, मग तो कुणाचा का असेना. कदाचित हसली असतीस. तुझा चेहरा समोर नाही, त्यामुळे मला कळत नाही. यापुढे कधीच कळणार नाही, आणि इथे हॉस्टेलमध्ये संध्याकाळी सगळ्या मुली फोनवर बोलत असतात तेव्हा मी याचाच विचार करते. खिडकीत डबा होता तिथे आता गोल डाग राहिलाय.

फळांचा डबा मी सीताराम काकांच्या सुनेकडे दिला. तिला नियम सांगितले. तिसरा नियम ऐकून ती म्हणाली, "मग मला समजायचं कसं, कोण आलं ते?" मी म्हटलं, समजायचं नसतं. माझ्या तोंडून तुझं बोलणं आल्यासारखं वाटलं.

त्या सकाळी रोप लावून झाल्यावर बाई मुलाला पदरात गुंडाळून निघाली. मी तिला काहीच विचारलं नाही, कुठल्या पाड्यावर जातेय तेही नाही. ती फरशीवरून पलीकडे गेली, चढावर दिसली, मग करवंदीच्या जाळीआड गेली. मुलाची घरघर वळणापर्यंत ऐकू येत होती. खाली गाळात रोप उभं होतं, दोन पानं पाण्याकडे झुकलेली. उद्या कुणी मला विचारलं, हे निवराचं झाड कुणी लावलं, तर मला खरंच सांगता येणार नाही, आत्या.